78 मेगाहर्ट्झचा खड्डा: पहिल्या ताऱ्यांचा पुरावा घरच्या संगणकावर तपासताना ठेवलेल्या नोंदी

14 जून 2025

काम हातात घेतलं. मार्च 2018 मध्ये 'नेचर'मध्ये जड बोमन, ॲलन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एजेस या रेडिओ प्रयोगाचा निकाल छापला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनच्या निर्मनुष्य माळावर ठेवलेल्या अँटेनाला आकाशाच्या रेडिओ वर्णपटात 78 मेगाहर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसला होता. खोली अर्धा केल्विन (रेडिओत आकाशाची तेजस्विता तापमानात मोजतात), रुंदी 19 मेगाहर्ट्झ. त्यावरून त्यांनी म्हटलं की महास्फोटानंतर 18 कोटी वर्षांत तारे पेटलेले होते.

आकृतीमागचे आकडे या गटाने सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. म्हणजे ज्याच्या संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आहे त्याला तो खड्डा स्वतः काढून बघता येतो. मला तेच करायचंय, आणि मग तो खड्डा किती पक्का आहे तेही बघायचंय. उद्या आणखी कोणी हेच करायला बसलं तर त्यांचा वेळ वाचावा, म्हणून नोंदी ठेवतेय.

खड्डा का पडतो ते थोडक्यात: पहिल्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश भोवतालच्या हायड्रोजनवर पडला की अणूंमधलं 21 सेंटिमीटरचं संक्रमण (त्या लांबीची रेडिओ लहर घेणारी किंवा सोडणारी ऊर्जापातळीची उडी) त्या थंड वायूच्या तापमानाशी बांधलं जातं, आणि वायू मागून येणारं वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारण (महास्फोटाचा उरलेला मंद प्रकाश) थोडं शोषून घेतो. पुढे एक्स-किरणांनी वायू तापला की शोषण थांबतं. मूळ वारंवारता 1420.4 मेगाहर्ट्झ, पण विश्व तेव्हापासून 18 पट ताणलं गेल्यामुळे ती आज 78 वर ऐकू येते. सिद्धांत एवढाच पुरे.

15 जून

फाइल अगदी छोटी आहे, मोबाइलच्या डेटावरही क्षणात उतरते. वारंवारता, वजन, आकाशाचं तापमान, त्यांनी काढलेले रेसिड्युअल (मॉडेल वजा केल्यावर उरलेलं) आणि मॉडेल असे स्तंभ आहेत. एकेक चॅनेल, म्हणजे वारंवारतेचा कप्पा, सुमारे 0.39 मेगाहर्ट्झ रुंद. वजनाचा स्तंभ आधी बघा. टोकाच्या चॅनेलना वजन शून्य आहे, ते गाळले नाहीत तर फिट, म्हणजे आकड्यांवर बसवलेला वक्र, तिथेच खेचला जातो. गाळून झाल्यावर 51 ते 99 मेगाहर्ट्झ हाती राहतात.

तापमानाचा आलेख काढला. 51 ला हजारो केल्विन, 99 ला हजाराच्या आत, आणि मधे एक गुळगुळीत उतार. खड्डा कुठेच नाही. दिसणारही नाही, कारण उतारावर दीड हजार केल्विन असताना आपण अर्धा केल्विन शोधतोय. हा सगळा उतार आपल्याच आकाशगंगेचा आहे, चुंबकीय क्षेत्रात घिरट्या घालणाऱ्या इलेक्ट्रॉनचा. तो वजा केल्यावर काय उरतं त्यावर सगळा दावा उभा आहे.

21 जून

पहिला फिट बिघडला. मूळ लेखात फोरग्राउंडसाठी, म्हणजे वजा करायच्या त्या उतारासाठी, पाच पदं आहेत: वारंवारतेचा उणे अडीच घात, तोच घात गुणिले लॉग, गुणिले लॉगचा वर्ग, मग उणे साडेचार घात आणि उणे दोन घात. शेवटची दोन पदं आयनांबरासाठी, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरासाठी. एक शोषणाचं, दुसरं तिथल्या इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या उत्सर्जनाचं.

वारंवारता थेट मेगाहर्ट्झमध्ये घालून नॉर्मल इक्वेशनने (कमीत कमी चुकीचा वक्र काढायच्या सरळ सूत्राने) सोडवलं तर पदांचे गुणांक दर वेळी वेगळे येत होते. चॅनेलचा क्रम उलटा केला तरी उत्तर बदलायचं. कारण या पाच पदांचे आलेख 51 ते 99 च्या पट्ट्यात जवळपास सारखेच दिसतात. मॅट्रिक्स आधीच आजारी, आणि नॉर्मल इक्वेशनमध्ये तिची कंडिशन संख्या (बारीक चुका किती फुगतात त्याचं माप) वर्गात वाढते.

दुरुस्ती तीन भागांत झाली. वारंवारतेला 75 ने भागलं (लेखातही तेच आहे), प्रत्येक स्तंभ त्याच्या लांबीने भागून घेतला, आणि नॉर्मल इक्वेशन टाकून एसव्हीडी या जास्त स्थिर मॅट्रिक्स-पद्धतीवर चालणारा लीस्ट-स्क्वेअर्स वापरला. मग गुणांक जागेवर बसले.

22 जून

फक्त फोरग्राउंड वजा केला. उरलेल्या रेषेत एक लाट दिसते. तिचा आरएमएस (सरासरी चढउतार) 87 मिलिकेल्विन, लेखात दिलाय तितकाच. हा आकडा जुळेपर्यंत कोणी पुढे जाऊ नये. खड्डा अजून घातलेलाच नाही, त्यामुळे इथे चूक असेल तर ती तुमच्या गणितातली असणार.

एक गोष्ट नजरेत ठसवून घ्या: या टप्प्यावर खड्ड्यासारखं काही दिसत नाही. पाच पदं खड्ड्याचा बराचसा भाग स्वतःत सामावून घेतात आणि उरतं ते दोनदा खाली-वर जाणारं वळण. लेखातला सपाट तळाचा सुंदर खड्डा हा मॉडेल परत मिळवल्यावरचा आहे.

29 जून

आता खड्डा घातला. लेखातला आकार साध्या गाउसियनचा, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राचा, नाही. तळ सपाट आणि भिंती उभ्या आहेत. त्याला चार अंक लागतात: खोली, मध्य, रुंदी, आणि तळ किती सपाट ते सांगणारा टाऊ.

सगळे नऊ अंक सायपायच्या (पायथनच्या गणित-संचाच्या) कर्व्ह-फिटला एकत्र दिले तर तो सुरुवातीच्या अंदाजाजवळच अडकून बसतो. 65 पासून सुरू केलं तर 65 च्या आसपासच खड्डा शोधून देतो. यात बराच वेळ गेला. शेवटी रचना बदलली. फोरग्राउंडची पाच पदं आणि खोली यांचं गणित रेषीय आहे, त्यामुळे ती एका झटक्यात सुटतात. बाहेरून फक्त मध्य, रुंदी आणि टाऊ यांच्या जाळीवर फिरायचं. असं केल्यावर काही मिनिटांत पूर्ण नकाशा मिळतो आणि सुरुवातीच्या अंदाजाची भानगडच उरत नाही.

आरएमएस 87 वरून 25 मिलिकेल्विनवर उतरला. मध्य 78 च्या जवळ, रुंदी 19 च्या जवळ. छापलेला निकाल घरच्या टेबलावर परत मिळाला. मनापासून आनंद झाला. मोजणाऱ्यांनी आकडे खुले ठेवले तर विज्ञान असं कोणाच्याही घरात येऊ शकतं.

खोली आणि टाऊ मात्र एकमेकांना धरून हलतात. लेखातही खोली 0.5 केल्विन लिहून मर्यादा 0.3 ते 1.0 अशी दिलीय. खड्डा "आहे" असं म्हणणाऱ्या गटालाही त्याची खोली तेवढ्याच सैलपणे सांगता येते.

6 जुलै

कालगणना. बातम्यांमध्ये सगळीकडे 18 कोटी वर्षं होतं, म्हणून 78 मेगाहर्ट्झवरून तोच आकडा काढायला गेले आणि तो निघेना. 1420.4 भागिले 78 म्हणजे 18.2, त्यातून एक वजा केला की रेडशिफ्ट (लहर किती ताणली गेली त्याचं माप) 17.2. ॲस्ट्रोपाय या पायथन-संचात प्लँक उपग्रहाचे आकडे घालून त्या वेळचं विश्वाचं वय सुमारे 22 कोटी वर्षं येतं.

फरक असा की 18 कोटी हा खड्ड्याच्या मध्याचा काळ नाही, तो डाव्या काठाचा आहे. डावा काठ म्हणजे कमी वारंवारता, म्हणजे जास्त जुना काळ. रेडशिफ्ट 20 ला वय 18 कोटी येतं. तारे पेटायला लागले तो क्षण काठावर आहे, मध्यावर नाही. हे गणित करताना कोणता बिंदू घेतलात ते लिहून ठेवा, नाहीतर दोन जणांची उत्तरं जुळणार नाहीत आणि दोघंही बरोबर असतील.

यातून आणखी एक कळलं. "पहिले तारे कधी?" याचं उत्तर डाव्या भिंतीच्या जागेवर ठरतं. ती भिंत सरकवू शकणारी प्रत्येक गोष्ट तारीख सरकवते.

त्याच बैठकीत खोलीही तपासली. रेडशिफ्ट 17 ला मागचं प्रारण सुमारे 50 केल्विन असतं. वायू तोवर तापलेला नसेल तर तो 7 केल्विनच्या आसपास. हे आकडे नेहमीच्या सूत्रात घातले की जास्तीत जास्त शोषण 0.22 केल्विन येतं. एजेसचा खड्डा याच्या दुपटीहून खोल आहे. म्हणूनच त्याच अंकात रेनन बरकाना यांनी सुचवलं होतं की वायूला कृष्णद्रव्याने थंड केलं असेल. कल्पना धाडसी आहे. पण इतकं मोठं पाऊल उचलण्याआधी उतार वजा करायची पद्धत दहा वेळा तपासायला हवी असं मला वाटतं.

13 जुलै

आतापर्यंत मी रेसिड्युअलच बघत होते. आज गुणांक बघितले.

शेवटच्या दोन पदांना भौतिक अर्थ आहे, त्यामुळे त्यांची चिन्हं मनमानी असू शकत नाहीत. आयनांबर रेडिओ लहरी शोषतो, म्हणजे शोषणाचं पद तापमान कमी करणारं हवं. इलेक्ट्रॉन गरम असतात, म्हणजे उत्सर्जनाचं पद वाढवणारं हवं. घातांकी रूपात, म्हणजे भौतिकशास्त्रात जसं लिहितात तसं, मॉडेल चालवलं तर उलटं आलं. शोषण ऋण, इलेक्ट्रॉनचं तापमानही ऋण.

हे रिचर्ड हिल्स, गिरीश कुलकर्णी, डॅन मीरबर्ग आणि एवाल्ड पुखवाइन यांनी 2018 च्या डिसेंबरातच 'नेचर'मध्ये मांडलं होतं. कुलकर्णी आता मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत. त्यांचा मुद्दा वाचून समजला होता, पण स्वतःच्या पडद्यावर ऋण तापमान उमटल्यावर तो खरा भिडला. फिट उत्तम बसलाय, आरएमएस देखणा आहे, आणि तरी त्यामागचं आकाश अस्तित्वात असू शकत नाही.

एजेस गटाचं म्हणणं असं की ही पदं निव्वळ आकाशाची नाहीत, अँटेनाच्या वागणुकीचे बारीक परिणामही त्यांच्यात मिसळतात. हे मान्य करता येतं. पण मग "आयनांबराची पदं" हे नाव सोडावं लागतं, आणि आपण एक लवचिक वक्र वापरतोय हे कबूल करावं लागतं. लवचिक वक्राने उरवलेल्या गोष्टीवर किती भरवसा ठेवायचा, हा पुढचा प्रश्न.

19 जुलै

एमसीएमसी (शक्य उत्तरांमधून यादृच्छिक पावलं टाकत फिरणारी साखळी) रात्रभर चालायला सोडली आणि पहाटे लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे आहेत. साखळी मेमरीत होती, सगळी गेली. आता दर काही पावलांनी डिस्कवर लिहिते. पण मोठा फायदा वेगळ्या गोष्टीने झाला: रेषीय सहा अंक हाताने इंटिग्रेट करून टाकले आणि साखळीला तीनच अंकांवर फिरवलं. रात्रभराचं काम चहाच्या वेळेत होऊ लागलं. हे आधी सुचलं असतं तर लाइट गेल्याने काही बिघडलं नसतं.

27 जुलै

खड्ड्याच्या जागी साइन लाट घालून बघितली. सुमारे 12.5 मेगाहर्ट्झ आवर्तनाची लाट पाच पदांबरोबर टाकली की ती रेसिड्युअल बरंच खाली आणते. हिल्स यांच्या गटाने हेही दाखवलं होतं. सौरभ सिंह आणि रवी सुब्रह्मण्यन यांनी 2019 मध्ये हेच आकडे शक्य तितक्या गुळगुळीत वक्राने आणि सोबत साइन लाटेने तपासले, तेव्हा खड्डा 72.5 मेगाहर्ट्झला आणि फक्त 0.13 केल्विनच्या आसपास निघाला, तोही मोठ्या अनिश्चिततेसह. तेवढी खोली नेहमीच्या भौतिकशास्त्रात सहज बसते.

12.5 मेगाहर्ट्झचं आवर्तन म्हणजे 80 नॅनोसेकंदांचा उशीर. तेवढ्यात प्रकाश 24 मीटर जातो. एजेसच्या अँटेनाखाली धातूच्या जाळीचा मोठा पट अंथरलेला होता, सुमारे 30 मीटर बाजूचा. काठावरून किंवा खालच्या जमिनीतून परतणारी लहर इतका उशीर करू शकते. यावरून काही सिद्ध होत नाही. पण विश्वातल्या कोणत्याही प्रक्रियेला आवर्तन हवं असण्याचं कारण नाही आणि जाळीला आहे, म्हणून मी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवलाय.

3 ऑगस्ट

आकड्यांपासून एक दिवस सुट्टी, गच्चीवर काम. यूएसबी रेडिओ डोंगल साडेतीन हजारांना पडला, कोॲक्स वायर आणि दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळून पाचशेच्या आसपास. 78 मेगाहर्ट्झच्या अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (दोन नळ्यांची साधी अँटेना) म्हणजे प्रत्येक नळी साधारण 92 सेंटिमीटर. बांबूला बांधला.

खड्डा दिसावा हा हेतू नव्हता, अडचण डोळ्यांनी बघायची होती. सांगलीच्या गच्चीवरून 88 च्या पुढे एफएमचे सुळके असे उभे राहतात की डोंगलचा अॅम्प्लिफायर भरून जातो आणि 70 ते 80 मध्ये, जिथे काहीच नाही तिथे, खोट्या रेषा उमटतात. गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी केला की रेषा जातात, पण मग आकाशही जातं. एफएमचा पट्टा अडवणारा फिल्टर लावल्यावर बरं झालं. फिल्टरने मात्र 80 च्या वरचा उतार स्वतःच्या आकाराने वाकवला, म्हणजे मोजमाप सुधारलं आणि वर्णपट बिघडला. शहरातून हे मोजायचा प्रयत्न करू नका.

एफएमचा 88 ते 108 हा पट्टा रेडशिफ्टमध्ये बदलला तर 15 ते 12 येतो. म्हणजे महास्फोटानंतरची साधारण 27 ते 36 कोटी वर्षं. त्या काळातल्या हायड्रोजनचे संकेत आपल्या गाण्यांच्या आणि जाहिरातींच्या खाली दबलेले आहेत. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे पट्टे याच्याही वर, साधारण 120 पासून पुढे सुरू होतात. त्या दुर्बिणीने 150 च्या आसपास नंतरच्या काळाचा, पुनरायनीकरणाचा (ताऱ्यांच्या प्रकाशाने हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटले त्या काळाचा), शोध घेतलाय.

10 ऑगस्ट

आज सारस-3 या रेडिओ प्रयोगाचा लेख पूर्ण वाचून काढला. बेंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या या गटाने जमिनीचाच प्रश्न सोडवला. अँटेना तराफ्यावर बसवून पाण्यावर सोडली, 2020 च्या सुरुवातीला, कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळीच्या तलावात आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये. जमिनीत थर असतात, ओल कमी-जास्त होते, खाली खडक कुठे लागेल सांगता येत नाही. खोल पाणी मात्र सगळीकडे सारखं असतं, आणि जाळीचा काठ हा प्रकारच राहत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त निकाल आला: एजेसचा सर्वोत्तम खड्डा 95.3 टक्के विश्वासाने नाकारला.

हा लेख वाचताना छाती भरून आली. जगभर त्या अर्ध्या केल्विनवर नवं भौतिकशास्त्र रचलं जात होतं तेव्हा या लोकांनी आकडेमोडीवर वाद घालत बसण्यापेक्षा दुसरी अँटेना बांधली आणि पाण्यात उतरवली.

17 ऑगस्ट

सारसचा पट्टा 55 ते 85 मेगाहर्ट्झ, एजेसपेक्षा अरुंद. शंका आली की एवढ्या पट्ट्यात 19 मेगाहर्ट्झ रुंद खड्डा फोरग्राउंडच्या वक्रातच विरघळणार नाही का? म्हणून कृत्रिम वर्णपट तयार केला: गुळगुळीत उतार, त्यात एजेसचा खड्डा, वर थोडा यादृच्छिक आवाज. लॉग-लॉग बहुपदी (उतारावर बसवलेला गुळगुळीत वक्र) वजा केली.

साधा रुंद गाउसियन घातला तर तो जवळपास पूर्ण गायब होतो. सपाट तळाचा घातला तर डावी भिंत, 68 च्या जवळची, वाचते. बहुपदीला एवढी उभी कड वळवता येत नाही. उरलेल्या रेषेत तिथे एक तीक्ष्ण वाकण राहतं. म्हणजे सारसने नाकारलं ते या उभ्या भिंतींच्या आकाराला. उथळ, पसरट खड्डा असेल तर तो दोन्ही प्रयोगांच्या हातून अजून सुटू शकतो. "पहिल्या ताऱ्यांचा पुरावा खोटा ठरला" असं सरसकट लिहिणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

24 ऑगस्ट

मग तारखेसाठी दुसरा आधार काय, म्हणून बाकीचे आकडे एका तक्त्यात मांडले. 2003 मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाने सूक्ष्मलहरी प्रारणाच्या ध्रुवणावरून ऑप्टिकल डेप्थ (ते प्रारण वाटेत मुक्त इलेक्ट्रॉनवर किती विखुरलं त्याचं माप) 0.17 काढली, त्यावरून तारे 20 कोटी वर्षांच्या आसपास असं जाहीर झालं. पुढे आकाशगंगेचं स्वतःचं ध्रुवण नीट वजा होत गेलं तसा तो आकडा घसरला. प्लँकचा 2018 चा आकडा 0.054. तिथेही तारीख सरकवण्यात मोठा वाटा वजाबाकीचाच. शिवाय हा आकडा पुनरायनीकरणाचा, म्हणजे भरपूर तारे झाल्यानंतरचा. पहिल्या काही ताऱ्यांबद्दल तो फारसं बोलत नाही.

वेब दुर्बिणीची बाजू मला आज सगळ्यात भक्कम वाटते. वेबने शोधलेल्या जेड्स-जीएस-झेड14-0 या दीर्घिकेत आल्मा या रेडिओ दुर्बिणींना ऑक्सिजन सापडला, रेडशिफ्ट 14.18, विश्वाचं वय तेव्हा 30 कोटी वर्षांहून कमी. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटातच तयार होतो. म्हणजे त्या वेळेपर्यंत निदान एक पिढी जगून, फुटून गेलेली होती. मोठे तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात, त्यामुळे यावरून 18 कोटी की 25 कोटी हे ठरत नाही, पण 30 च्या आत तारे होते यासाठी कोणताही उतार वजा करावा लागत नाही. वर्णरेषा सरळ दिसते.

कोड आणि कृत्रिम वर्णपट दोन्ही एका फोल्डरमध्ये नीट नावं देऊन ठेवलेत. पुढचं काम: खड्ड्याची डावी भिंत थोडी थोडी तिरकी करत जायची आणि 55 ते 85 च्या पट्ट्यात ती कोणत्या तिरकेपणाला बहुपदीत बुडून जाते ते काढायचं. त्यासाठी यादृच्छिक आवाजाचे पुष्कळ नमुने लागतील, म्हणून आधी डेस्कटॉपला यूपीएस घेतेय.